आई, भांडी चिडलीत का?

ओटा_आवरलाय | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

लेक साडेतीन वर्षांची. आम्ही नाशकात इंदिरानगरला राहतो, मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. नवरा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन करतो. म्हणजे तो निघतो तेव्हा ती झोपलेली असते आणि येतो तेव्हाही झोपलेली असते. सासूबाई गावी. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघीच.

शाळेची व्हॅन ७:४० ला येते. ७:२५ ला मोजे घालते. मग काढते. "टोचतंय." परत घालते. परत काढते. बोटांपाशी ती शिवण असते ना, ती टोचते म्हणे. खाली व्हॅनवाले काका हॉर्न देतात, गॅसवर दूध, आणि ही एक मोजा हातात घेऊन फतकल मारून बसलेली.

गेल्या दिवाळीत एकदा पाठीत धपाटा घातला होता. रडली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हापासून ठरवलंय, हात उचलायचा नाही आणि ओरडायचंही नाही. आणि मी खरंच ओरडत नाही.

परवा संध्याकाळी पोह्यांची ताटली तिने सोफ्यावर पालथी केली. मी चकार शब्द काढला नाही. ओठ मिटून सगळं पुसलं आणि भांडी घासायला घेतली. दहाएक मिनिटांनी बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात. "आई, भांडी चिडलीत का?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. राग गिळला तर भांड्यांतून निघतो. काढला तर रात्री झोपलेल्या पोरीच्या केसांतून हात फिरवत सॉरी म्हणत बसते. तुम्ही लोक काय करता? फक्त दहापर्यंत आकडे मोजायला सांगू नका. मी चाळीसपर्यंत मोजून पाहिलेत, एकेचाळिसाव्याला ओरडले होते.

---

खडीसाखर | सोमवार, रात्री ११:०४

भांडी चिडलीत का!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आणि मग थोडं रडूही आलं.

---

टवाळखोर | सोमवार, रात्री ११:०९

आमच्याकडे भांडी चिडली की मी गुपचूप गाडी काढून चक्कर मारून येतो. द्वारका सर्कलला अडकलो की घरी येईपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. द्वारकेचा एवढा एकच उपयोग.

बाकी मोजे उलटे घाला. शिवण बाहेर.

---

सोनचाफा | सोमवार, रात्री ११:३१

ओटाताई, मीही तुमच्यासारखीच "न ओरडणारी". माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याला माझा राग माझ्या "अहो जाहो"वरून कळतो. मी चिडले की त्याला म्हणते, "आपण जेवणार आहात का?" मग तो कोपऱ्यात जाऊन बसतो. ओरडा परवडला म्हणेल एक दिवस.

---

त्रिशंकू | मंगळवार, सकाळी ८:१५

प्रामाणिक मत, राग मानू नये. तुम्ही लोक फार विचार करता. आमच्या आईने आम्हा चार भावंडांना झोडपून काढलं, कुणी वाया गेलं नाही. मुलांना कळायला हवं की आई चिडते. धपाट्याने काही होत नाही.

---

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८:२२

@त्रिशंकू, "कुणी वाया गेलं नाही" हे तुम्ही सांगताय. चार भावंडांच्या बायकांना विचारलं पाहिजे. (हलके घ्या.)

---

मनमोकळी | मंगळवार, दुपारी १:४०

मी समुपदेशन करते, कॉलेज रोडला. डबा खाता खाता लिहितेय.

ओटा, तुमच्या लेकीने ज्यावर बोट ठेवलं त्यावर मानसशास्त्रात तीसेक वर्षं काम चालू आहे. जेम्स ग्रॉस नावाच्या संशोधकाने भावना हाताळण्याच्या पद्धती त्या कुठल्या टप्प्यावर लागू होतात त्यावरून वेगळ्या केल्या. राग पूर्ण चढल्यावर चेहरा कोरा ठेवणं, म्हणजे दडपणं, हा अगदी शेवटचा टप्पा. त्याच्या १९९३ च्या प्रयोगात लोकांना किळसवाणी दृश्यं दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे कोरे राहिले, पण किळस कमी झाली नाही आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. कुकरची शिट्टी हाताने दाबून धरण्यासारखं आहे ते.

दुसरी पद्धत राग चढायच्या आधीची. समोर घडतंय त्याचा अर्थच वेगळा लावायचा. "ही मुद्दाम उशीर करतेय" आणि "हिला शिवण खरंच टोचतेय", मोजा तोच, पण पहिल्या वाक्याने डोकं तापतं आणि दुसऱ्याने हात मोज्याकडे जातो. ज्या आयांना हे बऱ्यापैकी जमतं त्यांच्यात आरडाओरडा आणि मारझोड कमी दिसते, असं पुष्कळ अभ्यासांतून येतं.

आणि मुलांना कळतं का? कळतं. २०१४ च्या एका प्रयोगात १२ ते १४ महिन्यांच्या बाळांच्या आयांना बाळापासून बाजूला नेऊन लोकांसमोर भाषण करायला लावलं. काहींसमोर बसलेले परीक्षक नाराजीने मान हलवत होते. नंतर बाळ आईच्या मांडीवर दिलं, तर आईचा ताण बाळाच्या हृदयाच्या नोंदीत उमटला. बाळाने भाषण ऐकलंही नव्हतं.

---

रागोबा_आजोबांची_नात | मंगळवार, दुपारी २:०५

म्हणजे आता ओरडायचं नाही, आणि मनातल्या मनातही चिडायचं नाही! बाळाच्या हृदयात उमटेल! हे वाचून मलाच धडधडायला लागलं. आईने काय देव्हाऱ्यात बसावं का?

आणि "अर्थ वेगळा लावा" हे ऐकायला छान आहे. सकाळी ७:२५ ला अर्थ लावायला वेळ कुणाकडे असतो?

---

सोनचाफा | मंगळवार, दुपारी २:११

अगदी अगदी. +१

---

जुळ्यांची_आई | मंगळवार, दुपारी ३:४८

मला या सगळ्या संशोधनावर एक आक्षेप आहे. आईचा स्वभाव असा, म्हणून मूल तसं, ही दिशा धरूनच सगळे बोलतात. माझ्याकडे या. दोन मुली, चार वर्षांच्या, अर्ध्या तासाच्या अंतराने झालेल्या. एकच आई, एकच घर, एकच वरणभात. एक देवाची गाय, दुसरी लवंगी फटाका. पहिलीपुढे मी इतकी समजूतदार असते की मलाच माझं कौतुक वाटतं. दुसरीपुढे तीच मी पंधरा मिनिटांत कर्कश होते. मग माझं "भावनांचं नियमन" चांगलं की वाईट? कुणाला विचारून मोजणार?

जाता जाता, दोघींना रामकुंडावर नेलं होतं. फटाका पाण्यात, गाय पायरीवर. मी मध्ये.

---

मनमोकळी | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

@जुळ्यांची_आई, तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि तो अभ्यासकही घेतात. बरेचसे अभ्यास एकाच वेळी प्रश्नावली भरून घेतलेले असतात. दोन गोष्टी सोबत दिसतात, कुठली कुठलीमुळे ते त्यातून सांगता येत नाही. चटकन पेटणारं मूल आईची जास्त दमछाक करतं, दमलेली आई लवकर भडकते, की मूल आणखी पेटतं. चक्र आहे.

@रागोबा, देव्हाऱ्यात अजिबात बसू नका. एड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांच्या खेळाचं चित्रण क्षणाक्षणाने तपासलं. एरवी प्रेमळ असलेल्या, धडधाकट जोड्यांतसुद्धा दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ साधारण एक तृतीयांश. बाकी वेळ चुकामूक आणि मग परत जुळवून घेणं. महत्त्व आहे त्या जुळवून घेण्याला. आणि पुरेशी चांगली आई असली की झालं, हे विनिकॉट नावाचे बालरोगतज्ज्ञ १९५३ मध्येच लिहून गेलेत.

---

पिंपळगावकर | मंगळवार, रात्री ९:३६

आया बोलतायत तिथे बाप माणसाने तोंड घालावं की नाही माहीत नाही, पण लिहितो.

आमची द्राक्षबाग आहे. मध्यंतरी एका साली माल उतरायला पंधरा दिवस राहिले असताना अवकाळी झाला. मणी तडकले. व्यापारी फोन उचलेना. त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, सगळं मंडळींना माहीत होतं. एरवी तिचा आवाज शेजारी ऐकू जात नाही. तिने त्या आठवड्यात पोराला पाटीवरचा "क" उलटा काढला म्हणून कानाखाली दिली. पोरगं चार वर्षांचं. वड्याचं तेल वांग्यावर. मी अंगणात होतो, काही बोललो नाही, कारण दुपारी मीच तिच्यावर ओरडलो होतो.

रात्री ती म्हणाली, आज मी त्याला नाही मारलं, पावसाला मारलं. तेव्हा वाटलं बाईचा राग तपासायचा तर आधी घराची वही तपासा.

---

मनमोकळी | मंगळवार, रात्री १०:०२

पिंपळगावकर, तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं अमेरिकेत मांडलं गेलंय. आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेती बुडाली, तेव्हा रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. पैशाची ओढाताण, मग आईबापांची खचलेली मनं, मग दोघांतली भांडणं, मग मुलांशी कठोर वागणं, अशी साखळी त्यांना दिसली. तिकडे मका आणि डुकरं, इकडे द्राक्षं. साखळी तीच.

---

टवाळखोर | मंगळवार, रात्री १०:१०

पिंपळगावकर, प्रतिसाद मनाला लागला. मुलगा आता केवढा आहे? आणि "क" सुलटा काढतो का?

---

पिंपळगावकर | मंगळवार, रात्री १०:२५

सहावीत आहे. अक्षर अजून डॉक्टरसारखंच.

---

रागोबा_आजोबांची_नात | बुधवार, सकाळी १०:४४

सगळ्यांनी छान छान लिहिलंय, पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य कुणी उचललं नाही. "सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघीच." अहो, ही बाई सकाळी उठल्यापासून एकटी आहे! हिच्या "भावना हाताळण्यावर" धागा कशाला, हिच्या नवऱ्याच्या रेल्वे पासवर काढा.

---

पंचवटीपास | बुधवार, सकाळी ११:१५

नवऱ्यांच्या वतीने हजर. मीही अप-डाऊनवाला. (ओटाताईंचा नवरा मी नाही, आधीच सांगतो.) घरी येईपर्यंत रात्रीचे दहा. मुलगा झोपलेला. मग शनिवारी माझ्याकडे फक्त चांगला बाबा व्हायचं काम उरतं: सोमेश्वर, आइस्क्रीम, खांद्यावर बसवणं. मी कधीच चिडत नाही, असं मी अभिमानाने सांगायचो. बायको म्हणाली, "मोजे घालून दाखव." एका सोमवारी सुट्टी होती, घातले. ७:३० ला मी जे ओरडलो ते खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर विचारलं, काय झालं होतं?

---

सोनचाफा | बुधवार, सकाळी ११:२०

नाशकातल्या सगळ्या मुलांना मोजे टोचतात का? पाण्यात काही आहे का?

---

खडीसाखर | बुधवार, सकाळी ११:२६

चप्पल घालून पाठवा म्हणावं शाळांना. विषय संपला.

---

निनावी_बरी | बुधवार, रात्री १२:३८

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

माझं बाळंतपण माहेरी झालं. सव्वा महिन्यानंतर इकडे आले. बाळ रडलं की मला राग यायचा. चिडचिड नाही, राग. अंगातून गरम काहीतरी वर यायचं. आणि लगेच मागून भीती, की माझ्या हातून काही होईल. बाळाला पाळण्यात ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. घरचे म्हणायचे, आई झाली की सहन करायला शिकावं लागतं. मला वाटायचं मीच वाईट आहे.

लसीकरणाला गेले तेव्हा एका नर्सताईंनी विचारलं, झोप लागते का? बाळ झोपल्यावर तरी? मी म्हटलं नाही. त्यांनी एक दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्याबद्दल. नंतर कळलं, ती बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरोची प्रश्नावली, १९८७ पासून जगभर वापरतात. तिथून डॉक्टर, औषधं, आणि आठ महिन्यांनी मी.

ओटाताई, तुम्हाला तसं काही आहे असं मुळीच म्हणत नाही. पण इथे कुणी वाचत असेल, जिला राग येऊन जात नाही, बसूनच राहतो, झोप नाही, बाळाजवळ जायची भीती वाटते, तिने हा संस्कारांचा प्रश्न समजू नये. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

---

जुळ्यांची_आई | गुरुवार, सकाळी ७:०५

निनावी, तुम्हाला घट्ट मिठी. नळ सोडून मीही बसलेय.

---

आजी_ऑनलाइन | गुरुवार, सकाळी ११:३०

मुलींनो, मी पंचवटीतली. वय विचारू नका. नातवाने हे उघडून दिलं आहे, चुका होतील.

तुम्ही सगळ्या राग राग करता, पण तुम्हाला तो दिसतो तरी. आम्हाला राग येतो हेच माहीत नव्हतं. अंग दुखतं म्हणायचो. माझी आई जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, त्यात नणंद, सासू, नवरा, सगळे पिठासोबत निघायचे. माझ्या लग्नानंतर घराशेजारी गिरणी आली. दळण सुटलं, ओवी गेली, राग राहिला.

खोटं कशाला सांगू, मी मुलाला लाटण्याने मारलं आहे. सासऱ्यांनी माझ्या माहेराबद्दल काही बोललेलं होतं. त्यांना उलट बोलता येईना. मुलगा कणकेचा गोळा घेऊन खेळत होता. त्यालाच.

---

त्रिशंकू | गुरुवार, दुपारी १२:१०

आजी, नमस्कार. पण बघा, तुमचा मुलगा चांगलाच निघाला असेल ना? माझा मुद्दा तोच.

---

आजी_ऑनलाइन | गुरुवार, दुपारी १२:५५

निघाला रे. पण ते लाटण्यामुळे नाही.

---

खडीसाखर | गुरुवार, दुपारी १:००

आजींनी सिक्सर मारला आहे. सामना संपला.

---

टवाळखोर | गुरुवार, दुपारी १:०६

अवांतर: आमच्या हिला राग आला की मिसळीची तर्री वाढते. आज रविवार नाही, तरी घरात तर्रीचा वास आहे. कुणी द्वारकेला येतंय का?

---

सोनचाफा | गुरुवार, दुपारी १:४५

धागा मिसळीवर गेला म्हणजे संपणार. त्याआधी मूळ प्रश्नावर येते: गिळायचा की काढायचा?

मी गेले दोन दिवस एक करून पाहिलं. "आपण जेवणार आहात का" बंद. सरळ सांगितलं, "मला राग आलाय. तुझ्यावर थोडा, ऑफिसवर जास्त. मी पाच मिनिटं गॅलरीत उभी राहते." मुलगा गॅलरीच्या दाराशी येऊन उभा. "झाली का पाच?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मला हसू फुटलं. गिळलाही नाही, अंगावरही काढला नाही. याला काय म्हणतात कोण जाणे.

---

मनमोकळी | गुरुवार, दुपारी २:१०

नाव देणं म्हणतात. पाच मिनिटांनी परत आलात ना, तेही तितकंच मोलाचं. मुलं रागापेक्षा नाव नसलेल्या रागाला जास्त घाबरतात, असा माझा कामातला अनुभव. भांड्यांचा राग त्यातलाच.

आणि @रागोबा, ७:२५ ला अर्थ लावायला वेळ नसतो हे खरंय. म्हणून तो आदल्या रात्री लावून ठेवायचा. मोजे रात्रीच बघा.

---

आजी_ऑनलाइन | शुक्रवार, सकाळी १०:१५

मुलाला काल फोन केला. पुण्याला असतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. म्हटलं, तुला लाटण्याने मारलं होतं, चुकलंच माझं. तो म्हणाला, आई, कसलं लाटणं, मला काही आठवत नाही. मी फोन ठेवणार तर म्हणाला, पण तू अबोला धरून बसायचीस ना, तेव्हा तुझ्या बांगड्या वाजायच्या बंद व्हायच्या. ते आठवतं. शाळेतून आलो की जिन्यातच कान देऊन ऐकायचो, बांगड्या वाजतायत का.

काल झोप लागली नाही. पण बरं वाटलं.

---

जुळ्यांची_आई | शुक्रवार, सकाळी १०:३२

आजी...

---

रागोबा_आजोबांची_नात | शुक्रवार, सकाळी १०:४०

ऑफिसात रडवलंत. समोरचा विचारतोय कांदा कापलास का.

---

ओटा_आवरलाय | शुक्रवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. एकेकाला वेगळं उत्तर द्यायला हवं, पण आत्ताच हिला झोपवलंय.

नवऱ्याला धागा वाचायला दिला. त्याने इगतपुरी ते कल्याण वाचला. संध्याकाळी मेसेज आला: "पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून एक दिवस घरून काम मागतोय. मोजे माझ्याकडे." बघू. मागतोय म्हणालाय, मिळालंय असं नाही.

बुधवारी ताक सांडलं. मी म्हटलं, आईला राग आलाय. ती म्हणाली, भांड्यांना पण? म्हटलं, नाही, फक्त आईला. तिने विचार केला आणि जाऊन स्वतःची छोटी वाटी सिंकमध्ये ठेवली. अगदी हळू, आवाज न करता. मला कौतुक वाटलं आणि पोटात तुटलंही. आवाज झाला की आई चिडते, असं तर नाही ना शिकली? मनमोकळी, याचं उत्तर सवडीने द्या. मग मी मुद्दाम ताटली टाणकन ठेवली आणि दोघी हसलो. मग तिनेही ठेवली. मग दहा मिनिटं तेच. वरच्या काकूंचा फोन आला.

आणि टवाळखोर, तुम्हाला मिसळ माझ्याकडून. मंगळवारपासून मोजे उलटे घालतोय. चार दिवस, एकदाही काढले नाहीत, व्हॅन वेळेवर.

आज डायरीत शाळेची टीप आली आहे. लाल पेनाने. "मुलीस मोजे सुलटे घालून पाठवावेत."

---

टवाळखोर | शुक्रवार, रात्री ९:५४

आता?

---

ओटा_आवरलाय | शुक्रवार, रात्री ९:५८

आता भांडी घासतेय.